घरून नाही म्हणाले

आमच्या टाऊनशिपच्या माहितीपत्रकावर एक हसरं कुटुंब आहे. आई, बाप, दोन पोरं आणि एक सोनेरी कुत्रा. आजी नाही. नागपूरबाहेर बेशाकडे अशा वसाहती आता जागा मिळेल तिथे उभ्या राहताहेत, आणि खोटं कशाला बोलू, राहायला छानच आहेत. स्वच्छ रस्ते, पोरांना सायकली फिरवायला मोकळी जागा, पोहण्याचा तलाव, शाळेची बस थेट गेटवर. मीही हौसेनंच आले. पण शोभाताईंचं जे झालं ते पाहिल्यापासून त्या गेटमधून आत शिरताना माझं डोकं फिरतं.

शोभाताई माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. आयुष्य जुन्या नागपुरात, महाल भागात गेलं. नवरा लवकर गेला, ब्लाउज शिवून शिवून त्यांनी सौरवला इंजिनिअर केलं. सौरव पुण्यात असतो. आईनं सुखात राहावं म्हणून हा फ्लॅट त्यानंच घेतला. पोरगा वाईट नाही, रोज फोन करतो. महालात असताना दागिने उजळून देतो म्हणणारा एक भामटा ताईंच्या पाटल्या घेऊन पसार झाला होता, त्याची सौरवनं धास्तीच घेतली. म्हणून इथे गेटवर नंबर दिला तो स्वतःचा. ताईंकडे कोणी आलं की पुण्यात सौरवचा मोबाईल वाजणार, त्यानं 'हो' दाबलं तर माणूस आत. इंटरकॉम माहितीपत्रकात आहे, भिंतीत अजून यायचा आहे.

ताईंची धाकटी बहीण कुसुमताई. रामटेकजवळ त्यांची धानाची शेती. दोघीच बहिणी, आणि दोघी सारख्याच मानी. मागच्या पावसाळ्यात कुसुमताईंच्या पोटात गाठ निघाली. नागपुरात ऑपरेशन ठरलं. रोवणीचे दिवस, धानाच्या बांधीत माणूस हवं, म्हणून नवरा नत्थूजी आणि मुलगी भूमिका दुसऱ्या दिवशी थेट दवाखान्यात येणार होते. कुसुमताई आदल्या दिवशीच एकट्या निघाल्या.

"ताईजवळ एक रात्र झोपतो, मंग कापा म्हणा काय कापाचं थे," असं त्या भूमिकाच्या फोनवरून बोलल्या होत्या. स्वतःचा फोन त्यांनी कधी ठेवलाच नाही.

शोभाताई सकाळपासून उड्या मारत होत्या. पाटोडीचा रस्सा केला. माझ्याकडून जास्तीची उशी नेली. "कुसुम येऊन राहिली वं," असं लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगितलं. गुडघ्यांमुळे खाली जाऊन उभं राहणं त्यांना जमत नाही, आणि आमच्या बाल्कन्या तलावाच्या बाजूला, गेट दिसतच नाही. दुपार झाली, संध्याकाळ झाली. काळजीनं जीव अर्धा झाला तेव्हा त्यांनी भूमिकाला फोन लावला.

"आई परत आली," भूमिका तुटकपणे म्हणाली. "तिले नाही बोलाचं तुमच्याशी."

आता इथे कोणीही विचारलं असतं, की काय झालं गं बाई? शोभाताईंनी नाही विचारलं. दिवसभर चुलीशी उभं राहिलं, वाट पाहून डोळे दुखले आणि वर हा तोरा! "नसंल बोलाचं तं नको बोलू म्हणा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी म्हटलं, ताई, एकदा विचारून तर पाहा. तर माझ्यावरच उखडल्या. "मीच काहून वाकू दरवेळी?" रस्सा त्यांनी मोलकरणीला देऊन टाकला.

पोळ्याला फोन नाही, दसऱ्याला नाही. ऑपरेशन झालं असेल, अशी ताईंची समजूत. दिवाळीनंतर भूमिकाचा फोन आला, तो आई गेल्याचाच.

तेरवीला मी सोबत गेले. भूमिका मावशीकडे बघायलाही तयार नव्हती. नत्थूजींनीच शेवटी विचारलं.

"ताई, तिले गेटवरून काहून वापस पाठवलं तुमी?"

तिथे, सगळ्या बायकांसमोर, ते उलगडलं, अर्धं नत्थूजींकडून आणि अर्धं तिथूनच सौरवला फोन लावल्यावर. कुसुमताई आल्या होत्या. साधं लुगडं, हातात कापडी पिशवी, पायाला चिखल. गेटवरच्या माणसानं काही न विचारता मोबाईलवर 'घरकाम' असं टाकलं. सौरवनं मीटिंगमध्ये बसून ते पाहिलं. आईकडे मोलकरीण आहे, मग ही कोण, म्हणून 'नाही' दाबलं आणि विसरून गेला. गेटवरचा माणूस म्हणाला, "बाई, घरून नाही म्हणाले." कुसुमताईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. आल्या त्याच ऑटोनं बसस्टँडवर गेल्या. घरी आल्यावर एवढंच बोलल्या, की ताई आता मोठ्या लोकांत गेली. नंतर नागपूरचं नाव काढू दिलं नाही कोणाला. नत्थूजींनी हातापाया पडून पाहिलं, पण त्यांनी ऑपरेशन करून घेतलंच नाही.

"मले माहीत नव्हतं गा," शोभाताई नत्थूजींना पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "मी वाट पाहून राहिली होती. दिवसभर वाट पाहून राहिली होती."

नत्थूजी म्हणाले, "मले पटते ताई." पण ज्या बाईला पटायला हवं होतं ती बहिणीनं दारातून हाकललं असं समजून गेली. हे आता कोण कोणाला समजावणार?

सौरव विमानानं आला, आईच्या पायाशी बसून ढसाढसा रडला. गेटवरचा नंबर बदलून आईचा करून दिला आणि परत गेला.

तेव्हापासून शोभाताई फोन कायम मुठीत धरून बसतात. वाजला की बघायच्या आधी 'हो' दाबतात. विमावाला, पाण्याच्या मशीनवाला, चुकून भलत्याच इमारतीत आलेला पार्सलवाला, सगळ्यांना हो. कमिटीनं दोनदा समज दिली. सुरक्षेचा प्रश्न आहे म्हणे, इथे लहान मुलं राहतात. शेवटी समजूत घालायला मला पाठवलं.

मी जवळ बसले. म्हटलं, "ताई, निदान कोण आहे एवढं तरी विचारत जा."

बोलणं चालू असतानाच फोन वाजला. त्यांनी बोटानं 'हो' दाबलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"विचारेपर्यंत निघून गेलं तं वं?"