आधी तुमचे साहेब

व्हर्नेटाच्या दाराची घंटा मी कधी वाजवत नाही. आमच्या घरांमध्ये एक कुंपण आणि कचऱ्याचे डबे एवढंच अंतर, तरी मी आधी फोन करते. "येतेय गं, दार उघड," म्हणते आणि मगच पायात जोडे घालते. पोस्टमनलाही तिने बजावून ठेवलंय, पार्सल पायरीवर ठेवायचं आणि मुकाट्याने जायचं. मुलगा लढाईवर असला की वाईट बातमी फोनवर येत नाही. ती मोटारीतून येते. गणवेशातली दोन माणसं दाराशी उभी राहतात आणि घंटा वाजवतात.

या बाईचा जन्म घंटा ऐकण्यात गेला, पण त्या फोनच्या. व्हर्नेटा गेन्स, आमच्या चर्चच्या गाणाऱ्यांतला सगळ्यांत भारदस्त आवाज, वॉशिंग्टनमध्ये थर्लोसाहेबांची सेक्रेटरी होती. थर्लोसाहेब कोण, तर कुठेही काही खुट्ट झालं की सैन्य पाठवा म्हणणारी जी मंडळी या शहरात असतात, त्यांच्यातले वडीलधारे. कोणी निवडून दिलेले नव्हते की सरकारी नोकर नव्हते. संरक्षण खात्याला सल्ला देणाऱ्या एका मंडळाचे बिनपगारी अध्यक्ष होते. 'बिनपगारी' हा शब्द ते फार चवीने उच्चारत. पगाराची काळजी त्यांच्या खासगी कंपनीने घेतली होती. ज्यांना खात्याला माल विकायचा असे, ते या कंपनीकडे सल्ला विकत घ्यायला येत. सकाळी साहेब टीव्हीवर सांगणार, शत्रूकडे विषारी वायू आहे, हल्ल्यावाचून गत्यंतर नाही. दुपारी तो वायू ओळखणारी यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याचा मालक त्यांच्याबरोबर जेवणार. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच, पण इथे कुंपणाला सगळे उठून नमस्कार करत.

व्हर्नेटाच्या टेबलावर दोन फोन होते. डावा मंडळाचा, उजवा कंपनीचा. डावा वाजला की ती म्हणायची, "सल्लागार मंडळ." उजवा वाजला की, "थर्लो अँड पार्टनर्स." आवाजसुद्धा वेगळा काढायची, डाव्यावर करडा, उजव्यावर गोड. वर्तमानपत्रवाल्यांनी टोकलं तर साहेब शांतपणे सांगत, "माझ्या दोन्ही कामांच्या मध्ये पक्की भिंत आहे. जागा वेगळी, माणसं वेगळी." ती भिंत म्हणजे आमची व्हर्नेटा. आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात बसून यावर पोट धरधरून हसलो आहोत.

आता फोनची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. या शहरात मोठा माणूस स्वतः फोन लावत नाही. सेक्रेटरी लावते आणि पलीकडेही सेक्रेटरीच उचलते. मग खरी झुंज सुरू होते. आधी कोणाचा साहेब लाइनवर येणार? जो आधी येतो तो ताटकळतो, आणि जो ताटकळतो तो लहान. "द्या तुमच्या साहेबांना, मग मी आमच्यांना देते." "छे छे, आधी तुमचे." दोघी इतक्या गोड बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, पाककृती सांगतायत. व्हर्नेटा या झुंजीत कधी हरली नव्हती. मोठमोठे सिनेटर आधी येऊन "हॅलो, हॅलो" करत बसत आणि थर्लोसाहेब सावकाश चष्मा पुसून मग फोन घेत. साहेबांचं वजन किती, ते व्हर्नेटाला रोज असं तोलून कळत असे.

तिचा एकुलता एक मुलगा क्विन्सी सैन्यात सार्जंट. बाप लहानपणीच गेला, त्यामुळे आई आणि मुलगा एकमेकांचा जीव की प्राण. या सगळ्याच्या वर्षभर आधी त्याची तुकडी परदेशी निघाली, तेव्हा न राहवून तिने साहेबांजवळ विषय काढला होता. साहेब एवढंच म्हणाले, "बघतो." काही दिवसांतच क्विन्सीची बदली व्हर्जिनियातल्या छावणीत झाली, नव्या भरतीला शिकवायला. तुकडी गेली, तो राहिला. दर रविवारी घरी येऊन आईच्या हातचे तळलेले मासे आणि रताळ्याचं गोड पुरण भरून भाजलेला 'पाय' हाणायचा. व्हर्नेटाने साहेबांचे आभार मानले नाहीत. असले आभार इथे तोंडाने मानत नाहीत. ती नुसती आणखी लवकर ऑफिसला जायला लागली.

मग लढाईचं वारं सुटलं. एका सकाळी टीव्हीवर छावण्यांची नावं सांगत होते, कुठून कोण जाणार. व्हर्नेटाचा अर्धा कान तिकडे आणि समोर फोन वाजला. तिने उचलला आणि गोड आवाजात म्हणाली, "थर्लो अँड पार्टनर्स."

फोन डावा होता.

पलीकडे संसदेच्या चौकशी समितीची वकील होती, चांगली खमकी पोरगी. ती म्हणाली, "मी तर सल्लागार मंडळाला फोन लावला होता. दोन्हीकडे तुम्हीच का, बाई?"

व्हर्नेटाने फोन ठेवून दिला. हेही ती जन्मात पहिल्यांदाच करत होती. बातमी पेपरात आली आणि पाठोपाठ तिला निरोप आला, समितीपुढे या, शपथेवर बोलावं लागेल.

त्या दिवशी साहेब स्वतः चालत तिच्या टेबलाशी आले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"व्हर्नेटा, तुम्ही घाबरू नका," ते म्हणाले. "कंपनीचे फोन दुसऱ्या खोलीत दुसरी बाई घेते, एवढंच सांगायचं. त्या दिवशी ती रजेवर होती. संपलं."

"हो, साहेब."

जाता जाता ते वळले. "आणि क्विन्सी कसा आहे? अजून व्हर्जिनियातच ना?"

एवढंच विचारलं. पण संध्याकाळी ती ऑफिसातून थेट माझ्या दाराशी आली. खुर्चीवर बसली आणि पर्स पोटाशी धरून ठेवली.

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली. "खरं बोलले तर ते एक फोन करतील आणि माझा मुलगा जाईल."

"आणि खोटं बोललीस तर तू तुरुंगात जाशील," मी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे ती जाणून आहे.

"मी जाईन. माझं काय राहिलंय?"

"तुझ्या त्या थर्लोला चुलीत घाल! आधी मला सांग, क्विन्सीच्या बदलीचा फोन त्याने खरंच केला होता का?"

"म्हणजे काय? बदली झाली ना?"

"झाली. पण फोन लावला कोणी?"

साहेबांना फोन लावता येत नाही, हे तिनेच मला शंभरदा हसून सांगितलं होतं. घरी बायको लावून देते, ऑफिसात व्हर्नेटा. आणि व्हर्नेटाने तो फोन लावला नव्हता.

"जेवताना कोणाशी बोलले असतील," ती हळूच म्हणाली. "क्लबात. त्यांना काय, एक भुवई वर केली तरी पुरते."

"बोलले असतील किंवा नसतीलही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला."

"तू तुझ्या मुलाचा जीव पणाला लावशील का या म्हणीवर?"

मी चहा टाकला. खरं सांगायचं तर मीही घाबरले होते. क्विन्सीला मी तो गुडघ्याएवढा होता तेव्हापासून पाहिलंय. आमच्या सफरचंदाच्या झाडावरून पडून त्याचा दात पडला, तो दात मीच शोधून दिला होता.

समितीपुढे जायच्या आदल्या सकाळी साहेबांनी केबिनचं दार उघडंच ठेवलं आणि आतून आवाज दिला, "व्हर्नेटा, जरा जनरल ओस्टबींना लावा."

जनरल ओस्टबी म्हणजे बदल्या बघणारे. व्हर्नेटाला ते माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे साहेबांना माहीत होतं. आपल्या मुलाच्या मानेवरची सुरी तिनेच त्यांच्या हातात द्यायची होती. नंबर दोनदा चुकला, असं तिने मला नंतर सांगितलं. साहेब दारातून बघत होते.

पलीकडे पर्लीन होती, जनरलची सेक्रेटरी. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, पण कितीतरी वर्षं फोनवर झुंजून त्यांची मैत्री झाली होती. एकमेकींचे सांधे, मुलं, पाद्री, सगळं ठाऊक.

"पर्लीन, थर्लोसाहेबांना जनरलशी बोलायचंय. दे त्यांना."

पर्लीन एरवी थोडे आढेवेढे घेई आणि मग जनरलला लाइनवर आणी. या वेळी आणलं नाही.

"आधी तुमच्या साहेबांना दे, बाई," ती म्हणाली.

"अगं, काय बोलतेस? आमचे कधी आधी येतात का?"

"आता येतील," पर्लीन म्हणाली. मग आवाज उतरवून, "मला तसं सांगितलंय, व्हर्नेटा. पेपरात आल्यापासून. वाईट वाटून घेऊ नकोस."

व्हर्नेटाने साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाली, "साहेब, आधी तुम्हाला घ्यायला सांगतायत."

साहेबांनी चष्मा पुसला नाही. त्यांनी फोन घेतला. "हॅलो," म्हणाले. थोडं थांबून पुन्हा, "हॅलो?" मग बराच वेळ फोन कानाला लावून बसले. त्यांच्या मानेवर लाल चट्टे उठले. शेवटी पर्लीनचाच आवाज आला, जनरल मीटिंगमध्ये आहेत, मागाहून करतील. ते मागाहून करत नाहीत, हे या शहरात शेंबड्या पोरालाही कळतं.

साहेबांनी उठून केबिनचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीने टेकडीवर संसदेच्या इमारतीत सोडलं. चर्चला घालायची निळी टोपी तिने घातली होती. वाटेत ती ओठांतल्या ओठांत प्रार्थना करत होती. आत तिने सगळं सांगितलं. टेबल एक, बाई एक, फोन दोन. दुसरी खोली नाही, दुसरी बाई नाही. भिंत कुठे आहे असं कोणीतरी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुमच्यासमोर बसलीय."

लोक हसले. पेपरात तेवढंच वाक्य छापून आलं आणि गल्लीतल्या बायकांनी तिला मिठ्या मारल्या. साहेबांनी मंडळाचा राजीनामा दिला. बिनपगारी जागा गेली, कंपनी राहिली. यंत्रं खात्याने विकत घेतलीच आणि लढाईही सुरू झालीच. व्हर्नेटाची नोकरी सुटली, त्याचं तिला सुतक नव्हतं. ती मला म्हणायची, "मी उगाच घाबरले गं. त्यांच्या हातात काहीच नव्हतं."

वसंतात चेरीची झाडं फुलली आणि क्विन्सीला लढाईवर जायचा हुकूम आला. छावणीतल्या बऱ्याच जणांबरोबर त्याचंही नाव होतं. तो काही मोठा अन्याय झाल्यासारखा वागला नाही. "सगळेच चाललेत, ममा," म्हणाला आणि तिच्या कपाळाचा मुका घेतला. माझं झाड छाटून देऊन गेला.

तेव्हापासून ती त्याच एका प्रश्नाभोवती फिरते. हे साहेबांनी केलं का? त्यांच्या कंपनीत आता दुसरी सेक्रेटरी आहे. तिने कुठे फोन लावला, पलीकडून आधी कोण आलं, हे व्हर्नेटाला कळायला मार्ग नाही. कदाचित कोणीच काही केलं नसेल, आपली पाळी आली एवढंच. पर्लीनला विचारलं, तर ती म्हणाली, "आमच्याकडे त्यांचा फोन आला नाही गं." पण पर्लीन हे तिला बरं वाटावं म्हणूनही म्हणाली असेल. मला रात्रंदिवस संताप येतो. ज्याने काही केलं की नाही हेच कळत नाही, त्याला शिव्या तरी कशा द्यायच्या?

परवा नाताळच्या आधीची गोष्ट. मी रीतीप्रमाणे फोन करून तिच्याकडे गेले होते. आम्ही 'पाय'साठी रताळी सोलत होतो आणि घंटा वाजली.

व्हर्नेटाच्या हातातली सुरी खाली पडली. तिने टेबलाची कड धरली. उठायचा प्रयत्न केला, पाय उठेनात. दोघींपैकी कोणीतरी जायला हवं होतं. दारापर्यंतची ती चार पावलं माझ्या शत्रूलाही चालायला लागू नयेत. मी मनात म्हणत होते, गणवेश नको, देवा, गणवेश नको.

बाहेर एक नवखा माणूस पेटी घेऊन उभा होता. फ्लोरिडाची संत्री. थर्लोसाहेब दर नाताळात सगळ्या ओळखीच्यांना पाठवत, आणि त्या यादीतली नावं त्यांनी स्वतः कधी पाहिलीही नसावीत. वर छापील कार्ड होतं: तुमच्या कुटुंबाला शांतीच्या शुभेच्छा. काही लागलं तर फक्त एक फोन करा.

मी पेटी तिथेच आपटली आणि त्या माणसाला नको नको ते बोलले. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. आत येऊन तिला म्हटलं, "संत्री आहेत गं. मेल्या त्या थर्लोची संत्री. बाकी काही नाही. श्वास घे."

तिने श्वास घेतला. पण माझा हात सोडला नाही आणि दाराकडे बघत विचारलं, "त्याच्या मागे आणखी कोणी उभं नव्हतं ना?"