कार्डाचं तोंड बांधलं तेव्हा

चहाचा पुडा फोडला, आतल्या चंदेरी कागदाचा वास आला, की मला सावंगीच्या आमच्या जुन्या ऑफिसातलं कॅन्टीन आठवतं. तिथं जेवणाचे पैसे भरायला आम्हाला नवी कार्डं मिळाली होती. यंत्राजवळ नुसतं नेलं की टिक् वाजायचं. एका दुपारी माझ्या पुढची बाई आपलं कार्ड शोधत होती, मी पर्स काउंटरवर टेकवली आणि यंत्र वाजलं. पडद्यावर माझं नाव आलं. पर्सची चेन तर बंद होती. "मॅडम, या बाईच्या जेवणाचे पैसे तुमच्यातूनच कापले न् त्यानं," कॅन्टीनवाला हसला. मला मात्र वाटलं, असं यंत्र कोणाच्याही खिशात असू शकतं. सिंदी मेघेला परतताना ऑटोत कोणी जरा सरकून बसलं, तरी मी पर्स पोटाशी आवळत होते. घरी आईनं सगळं ऐकून घेतलं. "काऊन एवढी भिऊन राह्यली? बोलते ना ते कार्ड? मंग तू उन्हात निघताना दुपट्टा बांधते, तसं त्याचं तोंड बांधून टाक." तिनं चहाच्या पुड्यातला कागद कापला आणि कार्ड त्यात घट्ट गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पर्स यंत्राला टेकवली. ते गप्प राहिलं. खरी भीती मला तेव्हा वाटली. इतके दिवस हे कार्ड माझ्या नकळत कुठंकुठं, कोणाकोणाशी बोललं असेल? परवा बँकेचं नवं कार्ड पोस्टानं आलं. ते पाकीट उघडायच्या आधी मी चहाचा नवा पुडा डब्यात रिकामा केला.