एनिड प्रोबर्टचा मधला आवाज

इंग्लंडमधल्या लेम्स्टर गावाच्या बाजारपेठेत एनिड प्रोबर्टला सगळे ओळखत. आठवडाभर ती बेकरीच्या काउंटरमागे उभी असायची, आणि रविवारी चर्चच्या गायनवृंदात सगळ्यांत वरचा, स्वच्छ आवाज असायचा तो तिचा. शाळकरी वयापासून ती तिथं गात आली होती. नाताळच्या प्रार्थनेत पहिलं कडवं एकटीनं गायचा मान तिचाच असे. त्यासाठी कुणी निवड वगैरे करत नसे. ते ठरलेलंच होतं.

चाळिशी उलटली आणि तिच्या गळ्यात गाठ आली. शस्त्रक्रिया झाली, गाठ साधी निघाली, जीव वाचला. पण आवाजाची नस त्या गाठीला घट्ट बिलगलेली होती आणि सोडवताना ती दुखावलीच. कित्येक आठवडे एनिड नुसती कुजबुजत होती. मग आवाज आला, पण तो भलताच. खोल, जाड, पुरुषी. बेकरीत फोन उचलला की पलीकडचं माणूस म्हणे, "सर, दोन मोठे पाव बाजूला ठेवाल का?"

"मला सर म्हणाला तो," तिनं घरी सांगितलं.

"नशीबवान आहेस," तिचा नवरा ग्लिन म्हणाला. तो पोस्टमन होता. "वीस वर्षं टपाल टाकतोय, मला अजून एकानंही सर म्हटलं नाही."

ती हसली. पण मग नळ मोठा सोडून बराच वेळ भांडी घासत राहिली, आणि ग्लिन काय ते समजला.

गायनवृंदाचे प्रमुख ट्रँटर भला माणूस. "आवाज परत आला की या," ते म्हणाले होते, "तुमची जागा कुठं जात नाही." पण आवाज काही आला नाही, आणि ती जागा कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या सुनेला गेली. यात कुणाची चूक नव्हती. एनिडनं चर्चला जाणंच सोडलं. रविवारी सकाळी ती पडदे धुवायची. त्या वर्षी प्रोबर्टांच्या घरातले पडदे गावात सगळ्यांत स्वच्छ होते.

मुलींच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या मिस यॅप रोज दुकानात येत. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या जेवणघरात सातआठ माणसं जमत. काहीजण गुडघ्यांत धरून वाजवायचं व्हायोल नावाचं जुनं तंतुवाद्य वाजवत, बाकीचे गात. सगळं चार-पाचशे वर्षांपूर्वीचं, ट्यूडर राजांच्या काळातलं संगीत. गावात त्या मंडळींना 'यॅपबाईंची भुतं' म्हणत.

एके दिवशी पाव पिशवीत टाकता टाकता मिस यॅप म्हणाल्या, "तुम्ही खाली कुठपर्यंत जाता?"

"कुठं खाली?"

"सुरात हो. सगळ्यांत खालचा सूर कुठला लागतो तुमचा?"

एनिडचे कान लाल झाले. "माझी थट्टा करायला बाजारात बरीच माणसं आहेत, मिस यॅप. तुमची भर नको."

"थट्टा? अहो बाई, मी दोन वर्षं असा आवाज शोधतेय!" मागे रांग खोळंबली होती, पण मिस यॅप हलेनात. "ही जुनी गाणी छापताना लोकांनी सोयीसाठी वरच्या पट्टीत चढवून ठेवलीत. मी ती लिहिली होती त्याच पट्टीत गाऊन घेते. त्यावर विद्वान एकमेकांचे गळे धरतात, धरू देत. पण तसं केलं की मधला एक आवाज असा अडकतो, की पुरुषांना उंच आणि बायकांना खोल. सध्या सिरिल गातो तो. ऐकवत नाही."

"कोंबडा आरवल्यासारखं होतं," रांगेतून सिरिल मॉन्डच बोलला. तो घड्याळं दुरुस्त करायचा. "या तुम्ही. माझी सुटका करा, मी बरा खालच्या सुरात."

एनिड गेली, ती ग्लिननं अक्षरशः दारापर्यंत ढकललं म्हणून. आणि पहिल्याच संध्याकाळी तिची फजिती झाली. सूर पोहोचत होते, तो प्रश्नच नव्हता. पण आयुष्यभर ती चाल गात आली होती. तिच्या कानाला चालीमागे धावायची सवय. इथं पाच आवाज, प्रत्येकाची वाट वेगळी. एकजण सुरू करायचा, दुसरा थोड्या वेळानं तेच शब्द घेऊन मागून यायचा, आणि तिला कुणाच्याही मागे न जाता मधून आपली ओळ चालवायची होती. दर चार मात्रांनी ती वरच्या आवाजाकडे घसरायची.

"पुन्हा," मिस यॅप म्हणायच्या. "पुन्हा."

शेवटी तिनं कागद टेबलावर ठेवला. "माझ्या ओळीला चालच नाही. ही काय ओळ आहे? नुसतं भिंतीत बसवलेल्या विटेसारखं!"

मिस यॅपनी चहा ओतला. "एनिड, आता आम्ही तुझी ओळ सोडून गातो," त्या पहिल्यांदाच अगं-तुगं करत म्हणाल्या. "तू फक्त ऐक."

त्यांनी गायलं. ते काही वाईट नव्हतं. पण वरचे आवाज वर तरंगत राहिले, खालचे खाली, आणि मध्ये भोक पडलं. एनिडला ते स्पष्ट ऐकू आलं. घरी जाताना तिनं तो कागद बरोबर नेला.

मग घरी सराव सुरू झाला. ग्लिन बटाटे सोलत वरची ओळ मोठ्यानं गायचा, तीही हमखास बेसूर, आणि एनिड कान न देता आपली ओळ धरून ठेवायची. "माझ्याकडे घसरलीस!" तो सुरी नाचवत ओरडायचा. "तुझ्याकडे कोण घसरेल, तू सुरात आहेस कुठं?" ती म्हणायची. शेजारीण एकदा विचारायला आली, सगळं ठीक आहे ना म्हणून.

मार्चमध्ये जवळच्या खेड्यातल्या चर्चमध्ये त्यांनी कार्यक्रम केला. थंडी अशी की श्रोते कोट घालून बसलेले, आणि तेही जेमतेम तीन बाकं भरतील इतके. तिसऱ्या बाकावर ट्रँटर दिसले. एनिडला वाटलं, आता सगळ्यांना माझा हा आवाज ऐकू येणार. मग सिरिलनं खालचा सूर धरला आणि विचार करायला वेळच उरला नाही. तिची ओळ आली. ती आत शिरली. वर एक आवाज चढत गेला, खाली एक उतरत गेला, आणि दोघांना ती धरून होती. शेवटच्या सुरावर पाचही आवाज एकत्र आले तेव्हा तो सूर आपल्या छातीतून निघतोय की चर्चच्या दगडांतून, हे तिलाच कळेना.

नंतर ट्रँटर जवळ आले. बिचारे अवघडले होते. "फार सुंदर झालं. पण खरं सांगू? मी फार कान दिला, तरी तुमचा आवाज कुठला ते मला वेगळं काढता आलं नाही."

एनिडनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि ती इतक्या मोठ्यानं हसली की दारातली माणसं वळून पाहू लागली. "थँक यू, मिस्टर ट्रँटर," ती म्हणाली. "इतकं छान मला कुणी म्हटलं नव्हतं."

तिचा जुना आवाज कधीच परत आला नाही. पहिली काही वर्षं ती सकाळी उठून गुपचूप वरचा सूर लावून पाहायची. पुढे ते कधी थांबलं, हे तिच्या लक्षातही आलं नाही. हेरफर्ड, लडलो, पार वूस्टरहूनसुद्धा जुनं संगीत गाणाऱ्या मंडळींची बोलावणी येऊ लागली, कारण असा आवाज सगळ्यांनाच हवा होता आणि होता कुणाकडेच नाही. ग्लिन गाडी चालवून तिला न्यायचा आणि कार्यक्रमात मागच्या बाकावर बसून डुलक्या काढायचा.

मिस यॅप गेल्या तेव्हा गुरुवार बंद पडेल असं सगळ्यांना वाटलं. एनिडनं त्यांच्या भाच्याकडून जेवणघरातलं टेबल मागून आणलं आणि आपल्या बैठकीत ठेवलं. खोली लहान, टेबल मोठं. भिंतीला टेकून बसणाऱ्याला आधी शिरावं लागे आणि शेवटी निघावं लागे. पण पुढच्या गुरुवारी सगळे आले, सोबत दोन नवी माणसंही आली, आणि सिरिलनं खालचा सूर धरला.