उजवीकडचा बैल

उजवा बैल मी घडवलाच नव्हता. एका ओळीचं काम होतं, ते मी कंटाळून टाळलं आणि त्याचं खापर बहिणीच्या डोक्यावर फोडलं. तेही चारचौघांत. हे लिहिताना अजून राग येतो, आणि त्यातला बराचसा माझ्यावरचाच आहे.

बहीण माझ्याहून बरीच लहान. आर्वीला दिली आहे. सासरचं बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान. लग्नाआधी ती पुण्याला सॉफ्टवेअरच्या नोकरीत होती. आता दुकानाची बिलं करते, आणि गिऱ्हाईक नसलं की त्याच काउंटरवर लॅपटॉप उघडून स्वतःची प्रोग्रामिंगची भाषा लिहिते. मराठी शब्दांची भाषा. मी वर्ध्याच्या एका पॉलिटेक्निकमध्ये संगणक शिकवतो. सेलू-देवळीकडच्या खेड्यांतून आमच्याकडे येणारी पोरं इंग्रजीला घाबरतात, त्या भीतीलाच प्रोग्रामिंगची भीती समजतात आणि मागच्या बाकावर जाऊन बसतात. त्यांच्यासाठी तिनं हा उद्योग आरंभला होता.

आमच्या विभागप्रमुखांनी एका तुकडीला एक सत्र ही भाषा शिकवून बघायचं कबूल केलं होतं. अट एकच, विभागातल्या कुणीतरी आधी तपासून द्यावी. ते काम माझ्याकडे आलं. तिकडे सासरी कुरकुर होतीच. जावईबापूंनी तिला सांगून ठेवलं होतं की कॉलेजनं घेतली तर दुकानात माणूस ठेवू, नाही घेतली तर हे सगळं बंद करून नीट काउंटर सांभाळायचा. म्हणजे माझ्या एका शब्दावर तिची तीन-चार वर्षं टांगलेली होती. आणि हे मला पक्कं माहीत होतं.

भाषेत ऑब्जेक्टची सोय तिनं नुकतीच केली होती. ऑब्जेक्ट म्हणजे प्रोग्राममधली एखादी वस्तू, जी आपली माहिती आणि आपलं काम स्वतःजवळ बाळगते. ती सोय टिकते का, हे बघायचं होतं. मी चार-दोन छोटी उदाहरणं चालवून मोकळा होणार होतो, तेव्हा ती फोनवर म्हणाली, "दादा, एखादा साधा गेम बनवून पाह्य. गेममधी लपवाछपवी चालत नाई."

मी शंकरपट निवडला. नाचणगावजवळच्या आमच्या गावात हिवाळ्यात बैलजोड्यांची ही शर्यत व्हायची, आणि वडील त्यात हौसेनं उतरायचे. गेम सोपा होता. छकड्याला दोन बैल, प्रत्येक बैल एक ऑब्जेक्ट, प्रत्येकाचा वेग आणि दम वेगळा. खेळणाऱ्यानं कधी डाव्याला तर कधी उजव्याला हाकारायचं. ज्याला हाकाराल त्याचा दम कमी होणार, आणि दम संपला की बैल बसणार. एकालाच दामटलं तर छकडा वाकडा जाणार.

तिच्या भाषेत नवी वस्तू करायला 'घडव' असा शब्द आहे. डावा बैल मी घडवला, त्याचा रंग, वेग, दम सगळं भरलं. उजव्यासाठी तेच पुन्हा टाइप करायचा कंटाळा आला. मी लिहिलं, उजवा म्हणजे डावा. माझ्या डोक्यात नक्कल झाली. भाषेनं मी सांगितलं तेवढंच केलं, त्याच बैलाला आणखी एक नाव दिलं. याच चुकीसाठी मी दरवर्षी पोरांचे मार्क कापतो. खरं तर कित्येक वर्षांत मी जुन्या नोट्सवरून शिकवण्यापलीकडे स्वतःच्या हातानं काही बनवलंच नव्हतं.

वडील पटासाठी घरचे दोन बैल कधी जुंपत नसत. डावा आपला, उजवा दुसऱ्या गावच्या माणसाकडून मागून आणलेला. दोघांना कितीतरी दिवस जोडीनं चालवायचे, कोण ओढतो, कोण अंग चोरतो ते बघायचे आणि मगच पटावर न्यायचे. त्यांच्या मुलानं एकच बैल दोन्ही अंगांना जुंपला आणि तो कसा धावतो ते न बघता थेट लोकांपुढे उभा केला.

दाखवायच्या दिवशी बहीण आर्वीहून एसटीनं आली होती. विभागातले पाच-सहा जण जमले. पडद्यावर जोडी निघाली. मी डाव्याला हाकारलं, दोघांचाही दम उतरला. उजव्याला हाकारलं, तरी तेच. अर्ध्या पटावर दोन्ही बैल एकदम बसले. पुन्हा चालवलं, पुन्हा बसले. एक सहकारी म्हणाले, "सर, चारा घालायचा राहिला का?" सगळे हसले.

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी म्हणालो की खोट भाषेतच आहे, हिचे ऑब्जेक्ट एकमेकांपासून वेगळे राहतच नाहीत, हे पोरांपुढे ठेवता येणार नाही. बहिणीनं हळूच विचारलं, "दादा, कोड दाखव ना जरा." मी लॅपटॉप मिटला. घरच्याच माणसानं सांगितलं म्हटल्यावर विषय संपला, असं प्रमुख म्हणाले. तिला बसस्टँडवर सोडायलाही मी गेलो नाही.

पुढच्या रविवारी मी ती फाइल पुन्हा उघडली. तपासायला नव्हे. तिनं वाद घातलाच तर तोंडावर फेकायला पुरावा हवा होता म्हणून. ती ओळ दिसली. तिथे उजवा बैल घडवला, आणि जोडी पट पार करून गेली. एकालाच दामटलं तर छकडा वाकडा जात होता, अगदी खऱ्यासारखा. मला तिचाच राग आला. एवढी चांगली कशाला केली, असा काहीतरी. याहून हलकी गोष्ट माझ्या मनात आजवर आलेली नाही.

आणि मी गप्प बसलो. तुम्ही नातं बघितलं नाही सर, असं म्हणत विभागातले लोक माझं कौतुक करत होते, आणि मी ते चहाबरोबर पीत होतो. सत्र सुरू झालं. पोरं नेहमीसारखी मागच्या बाकांवर जाऊन बसली. मग एकदा आईनं सहज सांगितलं की बहीण आता लॅपटॉप उघडतच नाही, सासूबाई खूश आहेत. त्या 'खूश'नं मला जेवण गेलं नाही.

मी आर्वीला गेलो. ती एका शेतकऱ्याला सोयाबीनच्या बॅगांचं बिल करून देत होती. तो गेल्यावर मी सगळं सांगितलं.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी बसमधीच समजलं. दोघंही संगंच बसले, म्हणजे बैल एकच होता."

"मग बोलली काऊन नाई?"

"कोड मांगतला तं तू लॅपटॉप मिटला. तुह्या लोकांत तुले खोटं पाडू का मी? तुनं मले पाडलं तसं?"

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं हातानंच थांबवलं. "इथं नको. इथं कोणी आयकलं नव्हतं. जिथं बोलला, तिथं बोल."

विभागाच्या पुढच्या बैठकीत मी लॅपटॉप पडद्याला जोडला. प्रमुख म्हणाले, सत्र अर्ध्यावर आलं, तो विषय झाला ना आता? मी म्हणालो, झालेला नाही. आवाज चढला होता, आणि तो मला उतरवायचा नव्हता. आधी माझी ओळ दाखवली, मग सुधारलेली. जोडी पट पार करून गेली. या वेळी कुणी हसलं नाही. भाषा पुढच्या सत्रात घ्या किंवा घेऊ नका, पण माझ्या शब्दावरून नाकारू नका, एवढं सांगितलं. मग बहिणीला फोन लावून तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. मागे दुकानातला गलका होता. कुणीतरी खताचा भाव विचारत होतं.

"आयकून राह्यली," ती म्हणाली.

"भाषेत खोट नव्हती," मी म्हणालो. "उजवा बैल मी घडवलाच नव्हता. ते कळल्यावरही मी गप्प राह्यलो, कारण मले लाज वाटली, आन् ती लाज मी तुह्या माथी मारली. या सगळ्यांसमोर तुले खोटं पाडलं, तं या सगळ्यांसमोरच सांगतो. मी चुकलो. मले माफ कर."