गच्चीवरचं ओलं पोतं

कितीतरी खुनांचे तपास विसरलो, पण हिंगणघाटच्या ठाण्यात असताना हाताळलेलं हे साधं प्रकरण काही केल्या मनातून जात नाही.

कारखान्याच्या धुराबद्दल शेजारच्या वस्तीनं तक्रार केली होती. हवेतली धूळ मोजायला प्रदूषणाच्या कार्यालयानं एका घराच्या गच्चीवर यंत्र बसवलं. वस्तीत वाळत घातलेले कपडे काळे होत, पण यंत्राच्या हिशेबी हवा स्वच्छ. सुनावणी तोंडावर आलेली. आकडे असेच राहिले तर तक्रार फेटाळली जाणार, हे उघड होतं. यंत्राशी कुणीतरी छेडछाड करतंय, अशी फिर्याद आमच्याकडे आली.

घरमालक सत्तरीचा, त्याच कारखान्यातून निवृत्त झालेला, एकटा. समोरचा पानठेलेवाला आमचा खबरी. तो म्हणाला, "साहेब, बुढा रोज सकाळी बादली घेऊन वर जाते." झालं. कारखान्यानं म्हाताऱ्याला फितवलं, असं मी ठरवूनच टाकलं. दुसऱ्या दिवशी पंचांना घेऊन गच्ची गाठली. यंत्राला चहूबाजूंनी ओलं पोतं गुंडाळलेलं. पंचनामा करून म्हाताऱ्याला ठाण्यात आणलं आणि तासभर दरडावलं. माझी जीभ तेव्हा फार कडू होती.

"कोणाच्या सांगण्यावरून केलंस?"

"कोणाच्याच नाई. उन्हानं तापून राह्यलं होतं ते. अन् धूळ किती बसते त्याच्यावर. बायकोले दमा होता, तवा खिडकीले असंच ओलं पोतं लावत होतो. तिले बरं वाटे. ती गेली. आता घरात आवाज तेवढा त्या मशीनचाच."

यंत्राला धूळच हवी असते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं.

"म्हणजे माह्यामुळंच वस्तीचं नुकसान झालं?"

मला खोटं बोलता आलं नाही.

जबाब नोंदवून 'गैरहेतू नाही' असा अहवाल दिला. सुनावणी पुढे गेली, यंत्र शाळेच्या गच्चीवर हलवलं, खरे आकडे आले आणि कारखान्याला नोटीस निघाली. वस्तीनं माझा सत्कार केला. म्हातारा आला नाही, म्हणून मीच त्याच्या घरी गेलो.

"मशीन वापस आणता येईन का साहेब? आता हात नाई लावणार."

"बघतो," म्हणालो. बघितलं काहीच नाही.

गुन्हा नाही म्हटल्यावर पोलिसाचं काम संपतं, असं मी समजत होतो. ते चूक होतं, हे फार उशिरा कळलं. बायको गेल्यापासून मी नालवाडीत एकटाच राहतो. सकाळपासून टीव्ही लावून ठेवतो, बघत नाही. त्या माणसासाठी कार्यालयात एक फोन करायला काय झालं होतं मला?