सीझनपुरती गोळी

लासुर्ण्याच्या दत्तोबानं साखर कारखान्यात रस आटवायच्या टाक्यांवर चौतीस वर्षं काढली. बीपीची गोळी तो फक्त गाळपाच्या सीझनला घ्यायचा. मे उजाडायच्या आत कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की गोळीही बंद. "मशीन उभं हाय, तर तेल कशाला घालायचं?" असं तो बायकोला ऐकवायचा. कौसल्या गप्प बसायची. दत्तोबाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

अशी बारा वर्षं गेली. आता दोन्ही किडन्या कामातून गेल्यात आणि आठवड्यातून तीनदा बारामतीला डायलिसिस आहे. परवा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दाखवला. "आजोबा, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम धरलंय. त्या कडक झाल्यात, म्हणून एवढ्या गोळ्यांनीही बीपी उतरत नाही."

दत्तोबाला ते लगेच कळलं. रस आटवायच्या नळ्यांत असाच पांढरा थर धरायचा.

"मग घासून काढा की," तो म्हणाला. "आमी काढायचो."

"माणसाच्या नळ्या घासता येत नाहीत. थर धरायच्या आधीच बीपी आवरायचं असतं."

बाई पुढच्या खाटेकडं वळल्या. कौसल्या इतकी वर्षं गिळलेलं तेव्हा बोलली, तेही हळूच.

"पट्टा पडल्यावर कारखान्याच्या नळ्या कोण घासायचं ओ?"

दत्तोबानं भिंतीकडं तोंड फिरवलं. दर पावसाळ्यात नळ्या घासायला डबा घेऊन तोच जायचा. एक दिवस खाडा केला नव्हता.