जाळलेल्या अनंताचा वास

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. कधीच नव्हता. आमच्या घरात पोथ्या नव्हत्या, पत्रकं होती. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. अंगारे, कौल, देवऋषी यांच्याविरुद्ध मी स्वतः पत्रकं लिहून निपाणीच्या बाजारात वाटली आहेत. हे वाचून जुने सोबती हसतील... हसू देत. एका बाईवर अन्याय झाला आहे आणि साक्षीदार फक्त मी आहे.

आमचं घर तंबाखूच्या वखारींमागच्या गल्लीत, अगदी शेवटचं. बेचाळीसच्या चळवळीत माझा थोरला भाऊ, अण्णा, भूमिगत झाला. वॉरंट निघालं. तरी अधूनमधून तिन्हीसांजेला तो घरी यायचा. घरात पोलीस आहेत की नाहीत हे त्याला कळावं कसं? युक्ती वहिनीनं काढली.

रॉकेलच्या कापलेल्या डब्यात तिनं अनंत वाढवला होता. मुळाशी आंबट ताक, पानांना कीड लागली की तंबाखूचं पाणी — लेकरासारखं जपायची. पुढल्या उन्हाळ्यात झाड फुलांनी लवलं. डबा पुढच्या पायरीवर ठेवला की तंबाखूच्या उग्र दर्पातूनही वास गल्लीच्या तोंडाशी पोचायचा. वास आला तर अण्णानं यावं, नाही तर माघारी फिरावं. कंदील पोलिसांना दिसतो. वासाचा अर्थ त्यांना कोण सांगणार?

एका दुपारी फौजदार आणि हवालदार घरात येऊन बसले.

"नवरा येणार म्हणं आज," हवालदार म्हणाला. "आमीबी जेवायलाच थांबतो. चुलीवर काय हाय वैनी?"

"पाणी हाय. बसा की, वाढते."

मग ती सहज बोलल्यासारखी मला म्हणाली, "भावजी, झाडाला कीड लागलीया. फुलं जाळाय पायजेत."

तिनं सगळी फुलं खुडली, कळ्यासुद्धा. पदराच्या ओट्यात भरून न्हाणीच्या चुलीत टाकली. ती काळी पडेपर्यंत मी तिथं उभा होतो. डबा मी परसात नेला, फांद्या चाचपून पाहिल्या. एक कळी उरली नव्हती.

तिन्हीसांज झाली. अण्णा आता गल्लीच्या तोंडावरून परत फिरेल, या विचारानं आम्ही दोघं निवांत होतो. आणि वास आला. जळका नव्हे... उमललेल्या फुलांचा, ओला, दाट. पुढच्या दाराकडून.

हवालदार नाक वर करून म्हणाला, "ओ वैनी, फुलं जाळलासा न्हवं? मग ह्यो वास कुठनं?"

वहिनी दाराकडं धावली. पायरी रिकामी होती. पायरीच्या खाली अण्णा उभा होता. हसत.

बेळगावच्या तुरुंगात मी त्याला भेटलो. जे पाहिलं ते सगळं सांगितलं. तो गजांमागून शांतपणे म्हणाला, "वास आल्याबिगर मी पाऊल टाकलं न्हाई. डबा तिनंच ठेवला. तू तिला वाचवू नगंस." वहिनी दोनदा बेळगावला गेली, त्यानं भेट नाकारली. पावसाळ्यात तापानं तो तुरुंगातच गेला. ती फितूर आहे असं समजून गेला.

गल्लीही तेच म्हणते. नळावर बायका तिची घागर बाजूला सारतात. मी तिच्या बाजूनं पत्रक लिहायला कितीदा बसलो. पण लिहू काय? कुणी मुद्दाम फुलं आणून ठेवली म्हणावं, तर पायरीवर पाकळीही नव्हती. आम्हाला भास झाला म्हणावं, तर हवालदारालाही वास आला होता. मी मानत आलो त्या कुठल्याच गोष्टीत याचं उत्तर नाही.

झाड अजून आहे. वहिनी अजून ताक घालते, पण कळी दिसली की खुडून चुलीत टाकते. तिन्हीसांजेला पायरीवर बसते.

"भावजी, मी जाळली हुती न्हवं?"

"व्हय वहिनी. मी बघितलंय."

"समदी?"

"समदी."

"मग ह्यास्नी कुणी बोलवलं?"

रोज विचारते. रोज मी तिच्या शेजारी पायरीवर बसतो.